सुनेच्या गाडीचं तेल

३ फेब्रुवारी

सुनेला नोकरी लागली. सकाळच्या चहाला सांगितलं, तेही कपात बघत. मोठी प्रयोगशाळा आहे, विभागप्रमुखाची जागा, आणि गाव इथून गाडीने दिवसभराच्या वाटेवर. भाड्याची खोलीही बघून ठेवली आहे म्हणे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं, पण त्याआधी जाऊन बस्तान बसवायचं. म्हणजे हे सगळं बरेच दिवस शिजत असणार. मला ताकास तूर लागू दिली नाही.

मी म्हटलं, "छान झालं." आणि छानच झालं. मुलाला जाऊन दोन वर्षं होऊन गेली. तिने किती दिवस सासूच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळत बसायचं? तशी मला गरज नाही. सगळी नोकरी रुग्णालयाच्या औषधखात्यात गोळ्या मोजण्यात गेली, स्वतःच्या चार गोळ्या मला कळतात. ती तरी रोज विचारते, मी तरी रोज चिडते. असं आमचं बरं चाललेलं आहे.

गाडी ती घेऊन जाणार. गाडी मुलाची. तो गेल्यापासून बहुतेक वेळ झाकून उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून सून अधूनमधून एक फेरी मारून आणते, तेवढंच. मी लगेच म्हटलं, "मग आधी इंजिनचं तेल बदलायला हवं. उभ्या गाडीचंही तेल खराब होतं."

"गॅरेजला टाकते. तासाभराचं काम आहे."

"तो कधी गॅरेजला देत नसे. घरीच बदलायचा."

मुलाचा विषय निघाला की ती वाद घालत नाही. "मग कोण बदलणार?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी. ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

यात काही विशेष नाही. एक द्रव काढायचा, दुसरा भरायचा. जन्मभर दुसरं काय केलं मी?

५ फेब्रुवारी

मुलाची हत्यारांची पेटी तो गेल्यावर मी देऊन टाकली होती. दारामागे दिसायची आणि काही काम सुचायचं नाही. त्यामुळे आता सगळी तयारी नव्याने करायची.

संध्याकाळी शेजारचे निवृत्त इंजिनियर आले. आम्ही दोघी घरात त्यांना 'सल्लागार' म्हणतो. साहेबांनी आयुष्यभर पूल बांधले. गाडीच्या पोटाशी त्यांचा संबंध सीटपुरताच, पण म्हणून मत नसावं असं थोडंच आहे?

"वहिनी, तेल खालून काढायचं की वरून, हा मूळ प्रश्न आहे," ते म्हणाले, आणि चहा संपेपर्यंत मूळ प्रश्नाचं गुऱ्हाळ चालू राहिलं.

त्यातून निघालेलं सार असं. खालून काढायचं तर गाडी उचलायला जॅक, ती अंगावर येऊ नये म्हणून लोखंडी घोडे, बरोबर मापाचा पाना, तेल धरायला पसरट परात, आणि हे सगळं जमलं की या वयात मी जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकायचं. वरून काढायचं तर तेल मोजायच्या पट्टीच्या नळीतून बारीक पाइप आत सोडायचा आणि हातपंपाने ओढून घ्यायचं. असल्या पंपाने मी पिंपांतून द्रव काढलेले आहेत. शिवाय या गाडीत तेलाचा फिल्टर वरूनच हाताला लागतो.

पंप ठरला. सल्लागारांना खालून काढणं जास्त शास्त्रशुद्ध वाटतं. मी म्हटलं, तुम्ही सरकता का खाली? त्यावर त्यांना घरी काहीतरी काम आठवलं.

सून म्हणते, येत्या रविवारी निघायचा विचार आहे. मी म्हटलं, होऊन जाईल तोवर.

७ फेब्रुवारी

आज तेल आणलं. स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्या वयाची बाई शिरली की दुकानदाराला वाटतं, पत्ता विचारायला आली.

"मावशी, दहा-चाळीस घेऊन जा. सगळ्यांना चालतं."

सगळ्यांना चालणारं औषध मी कधी कुणाला दिलं नाही. गाडीची पुस्तिका काढून पान दाखवलं. पाच-तीस, पूर्ण सिंथेटिक. यातला पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती सहज पळतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. कंपनीने एवढं छापून ठेवलं असताना त्यात आपली अक्कल मिसळायचं कारण नाही. त्याने कॅन दिला. मी लेबल तो कपाटातून काढत असताना वाचलं, हातात घेतल्यावर वाचलं, पिशवीत ठेवताना वाचलं. आमच्याकडे तशी शिस्तच होती. दुकानदार म्हणाला, "मावशी, परीक्षा आहे का?"

तिथूनच फिल्टर, तो सोडवायला साखळीचा पाना, हातपंप आणि मापाचं भांडंही घेतलं. बाकीचं सामान घरी येता येता घेतलं. लांब मानेचं, जाळीचं नरसाळं. स्वयंपाकघरातलं चाललं असतं, पण ते मग परत स्वयंपाकघरात येणार, म्हणून वेगळं. जुनं तेल साठवायला घट्ट फिरकीच्या झाकणाचा कॅन. निळे हातमोजे, कारण पांढरे रबरी मोजे तेलाने फुगतात आणि बोटांवरून सुटतात. सांडलं तर टाकायला सुताराकडून पिशवीभर लाकडाचा भुसा. फडकी घरातलीच, जुन्या चादरीची. तंतू सुटणारं कापड इंजिनच्या तोंडाजवळ नेऊ नये.

सून सगळं टेबलावर मांडलेलं बघत उभी राहिली. म्हणाली, "शस्त्रक्रिया आहे का?" मी म्हटलं, शस्त्रक्रियेची तयारी याहून कमी असते, मी पाहिलेली आहे.

१० फेब्रुवारी

फिल्टर चुकीचा निघाला. खोका उघडून हातात घेतला, तर आटे बरोबर पण बूड रुंद. याच गाडीच्या डिझेल इंजिनचा होता. याचंही लेबल तीनदा वाचलं होतं, पण त्यावर गाडीचं नाव होतं, इंजिनचं नव्हतं. दुकानदार म्हणतो, सील फोडलं, आता परत घेणार नाही. दुसरा घेतला. पहिला राहू दे कपाटात.

यामुळे रविवार हुकला. सून म्हणाली, "असू दे, बुधवारी जाईन." तिने खोलीवाल्यांना फोन केला. बोलताना दार लोटून घेतलं. पूर्वी दार लोटत नसे.

तिच्या खोलीत खोकी भरणं चालू आहे. पुस्तकं, उन्हाळी कपडे, मुलाचा एक फोटो. फोटो न्यावा का, असं मला विचारलं. विचारायचं काय त्यात? दुसरी प्रत माझ्याकडे आहे.

१२ फेब्रुवारी

पंपाची नळी जाड निघाली. पट्टीच्या नळीत शिरते पण तळापर्यंत जात नाही, मध्येच अडते. जोर केला तर आत मोडून राहायची भीती. पंप बदलून आणायला गेले, तर बारीक नळीवाला यायला आणखी काही दिवस लागतील म्हणाले. बाजारातल्या दुसऱ्या दोन दुकानांत विचारलं. एकाकडे होता, पण त्याचं झाकण नीट बसत नव्हतं. गळका पंप घ्यायचा नाही, हे मी पक्कं ठरवलं आहे.

बुधवारही हुकला.  सून खोकी आवळत बसली.

सल्लागार म्हणाले, "वहिनी, मी सांगत होतो, खालून." मी म्हटलं, हो, तुम्ही सांगत होता.

१५ फेब्रुवारी

आज भांडण झालं. भांडण म्हणजे काय, ती बोलली आणि मी ऐकलं.

मी मापाचं भांडं परत करायला निघाले होते. त्यावरच्या खुणा उठावाच्या नव्हत्या, नुसत्या छापलेल्या होत्या, आणि तेल लागलं की छापील खुणा पुसल्या जातात. चपला घालत होते तेवढ्यात सून दारात येऊन उभी राहिली.

"आई, ही यादी संपणार आहे का?"

"भांडं बरोबर नाही."

"भांड्याची गरजच नाही. कॅनवर मापं आहेत. पट्टीवर खूण आहे." मग ती जरा थांबली. "मला खरं सांगा. मी जाऊ नये असं वाटतंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला काय त्याचं? तुझी नोकरी, तुझं आयुष्य. जायचं तर खुशाल जा. तेलाचं काम धड व्हावं एवढंच माझं म्हणणं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? एकदा सांगितलं ना."

ती म्हणाली, "बरं. मग अठराला सकाळी मी निघते. तेल बदललेलं असो नाहीतर नसो." आणि आत गेली.

तिचा चेहरा उतरला होता. का, ते मला कळलं नाही. मी तर तिला हवं तेच बोलले होते. आपण अडवलं तर वाईट, नाही अडवलं तरी वाईट. आजकालच्या मुलींपुढे सासवांनी करावं तरी काय?

भांडं परत केलं नाही. पंप मात्र दुपारी आला. दुकानदाराने स्वतः फोन करून सांगितलं, "मावशी, तुमचा पेशंट आलाय."

१७ फेब्रुवारी

तेल बदललं. नीट लिहून ठेवते.

आधी गाडी थोडा वेळ चालू ठेवली. कोमट तेल पातळ होतं आणि पटकन निघतं. मग बंद करून बॉनेट उघडलं, पट्टी काढली, बारीक नळी टेकेपर्यंत आत सोडली आणि पंप हलवायला लागले. सुरुवातीला नुसती हवा. मग नळीत काळी रेघ चढली. सून टॉर्च धरून उभी होती. "आलं!" असं ती ओरडली आणि आम्ही दोघी उगाचच हसलो.

दोन वर्षांचं तेल. डांबरासारखं काळं, आणि वास जळका. पंपाच्या भांड्यात ते जमताना मी बघत होते. हे तेल मुलाने घातलेलं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. काही क्षण हात चालेना. मग पंप पुन्हा हलवला.

"हे करताना तो शिट्टी वाजवायचा," सून म्हणाली.

मला माहीत नव्हतं. मी तेव्हा घरात असायची.

मग फिल्टर. चांगलाच आवळलेला होता. साखळीचा पाना लावून सुनेने हिसका दिला तेव्हा सुटला. मी तो लगेच पिशवीत घातला, पिशवीचं तोंड गच्च बांधलं आणि वर 'वापरलेला फिल्टर' असं लिहून तारीख टाकली. वापरलेली सुई असो की सिरिंज, आमच्या खात्यात ती हातातून सुटली की सीलबंद. तिच्याकडे दुसऱ्यांदा बघायचं नाही आणि ती कुणाला बघू द्यायची नाही. हातांना ती सवय आहे, विचार करावा लागत नाही.

सून म्हणाली, "तो बहुतेक इथे बोट फिरवून बघायचा आधी." इंजिनवर फिल्टर टेकतो त्या जागेवर ती टॉर्च मारत होती. मी म्हटलं, फडक्याने पुसून घेतलंय. घेतलंही होतं. चष्म्यावर वाफ धरली होती आणि आत सगळं काळ्यावर काळं.

नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला नव्या तेलाचं बोट लावलं. पुस्तिकेत तसं दिलं आहे, म्हणजे रिंग चिकटत नाही. हाताने फिरवून बसवला. नरसाळ्यातून तेल ओतलं. मधासारखं होतं. पट्टीवर दोन खुणांच्या मध्ये आलं. गाडी चालू केली आणि खाली वर्तमानपत्र पसरून दोघी वाकून बघत बसलो. एक थेंब नाही.

"जमलं की हो आई," सून म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेलाचे पाच ठसे उमटले. शर्ट मुलाचाच होता, जुना. धुवायला टाकलेला नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळ

सून गेली. खोकी मागच्या सीटवर, गादीची गुंडाळी वर. निघताना वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "पोचल्यावर फोन कर. आणि सावकाश." ती म्हणाली, "तुमच्या रात्रीच्या गोळ्या." मी म्हटलं, "माहीत आहेत." गाडी फाटकातून वळली.

घरात दोन कप होते, ते धुतले. आता जुनं तेल कोपऱ्यावरच्या गॅरेजला देऊन येते. ते गोळा करून पुढे पाठवतात. गटारात ओतायचं नसतं.

१९ फेब्रुवारी

काल लिहायला वेळ मिळाला नाही. आज सगळं लिहिते.

गॅरेजवाला एका गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "काकू, तेल पिंपात ओता. फिल्टर त्या खोक्यात टाका." मी तेल ओतलं. पिशवीसकट फिल्टर टाकणार होते, तर म्हणाला, "पिशवी नको, नुसता टाका." म्हणून मी बांधलेलं तोंड सोडलं.

खोक्यात पन्नासेक जुने फिल्टर पडलेले होते, बहुतेक तोंडं वर करून. प्रत्येकाच्या तोंडाभोवती काळी रबरी रिंग. माझ्या हातातल्याला रिंग नव्हती. रिंग बसायची खाच तेवढी होती, रिकामी.

मी खोक्यात वाकून पुन्हा बघितलं. खाचेत रिंग नाही असा फिल्टर एकच होता, माझा. मग माझी रिंग कुठे आहे, हे कळायला वेळ लागला नाही. ती इंजिनलाच चिकटून राहिली, आणि मी तिच्यावर नवा फिल्टर त्याच्या रिंगेसकट बसवला.

मी विचारलं, "एकावर एक दोन रिंगा बसल्या तर काय होतं?"

तो गाडीखालून बाहेर आला. "गावात हळू चालवलंत तर कदाचित काही नाही. हमरस्त्यावर वेग धरला की वरची सटकते. मग सगळं तेल रस्त्यावर, आणि थांबवलं नाही तर इंजिन जाम. कुणाची गाडी?"

मी फोन लावला. सुनेने कापला. पुन्हा लावला, तेव्हा उचलला.

"आई, मी गाडी चालवतेय. आता काय राहिलं?"

"गाडी थांबव. फिल्टर बरोबर बसलेला नाही. तेल गळणार."

वाऱ्याचा आवाज येत होता. "काल आपण दोघींनी बघितलं. थेंब नव्हता."

"काल इंजिन नुसतं जागेवर चालू होतं. आता वेगात आहे."

"आधी तेल. मग फिल्टर. मग नळी. मग भांडं." तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला वाईट वाटलं. "मी संध्याकाळी पोचते आणि तिथल्या गॅरेजला दाखवते. ठेवू का?"

"तोवर इंजिन उरणार नाही."

"आई, बास आता. प्लीज."

ती ठेवणार होती. पंधरा दिवस मी तिला एकेक कारण सांगितलं. फिल्टर खरंच चुकीचा होता. नळी खरंच जाड होती. भांड्यावरच्या खुणाही खरंच पुसल्या गेल्या असत्या. एवढं सगळं खरं बोलूनही तिने माझ्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नव्हतं, कारण तिने सरळ विचारलेल्या एकाच गोष्टीवर मी खोटं बोलले होते. हे मला तिथे, त्या खोक्यापाशी उभं असताना कळलं.

मी म्हटलं, "ऐक. तू त्या दिवशी विचारलंस, मी जाऊ नये असं वाटतंय का. मी खोटं बोलले. वाटतंय. फार वाटतंय. तू गेल्यावर घरात मी काय करणार, हे मला माहीत नाही. हे एक. आणि तुझ्या गाडीतून तेल गळतंय, हे दुसरं. दोन्ही खरं आहे. पहिल्याबद्दल तू काहीच करू नकोस. दुसऱ्यासाठी गाडी थांबव."

गॅरेजवाला ऐकत होता. ऐकू दे म्हटलं.

 पलीकडून इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मग इंजिन बंद झाल्याचं कळलं, दार उघडल्याचं कळलं. मी फोन कानाशी धरून उभी होते.

"आई," ती म्हणाली, "खाली सगळं ओलं आहे. मागे रस्त्यावर रेघ आहे, दिसतेय तिथपर्यंत."

"लाल दिवा लागला होता?"

"नाही."

मी पायरीवर बसले. इंजिन वाचलं होतं. खरं तर त्या वेळी इंजिनचा विचार मी फारसा केला नाही. गादीची गुंडाळी लादलेली ती गाडी भर वेगात मध्येच अडकली असती, आणि मागून कुणी आलं असतं, याचाच विचार करत होते.

सून पेट्रोलपंपाच्या थोडी अलीकडे थांबली होती. पंपावरच्या माणसांनी गाडी ढकलून आत घेतली. तिने पुन्हा फोन केला. "टोइंगवाल्याला बोलावते. गाडी घरीच आणते. तिकडे कळवते, थोडे दिवस उशीर होईल म्हणून." आणि मग हळूच, "चालेल ना तुम्हाला?"

पंधरा दिवस मी ज्यासाठी बाजार पालथा घातला, ते आयतं ताटात वाढून आलं होतं. गाडी घरी, ती घरी, नवा फिल्टर शोधायला परत पहिल्यापासून सुरुवात. चूकही माझी, त्यामुळे तिला दोष द्यायलाही जागा नाही. 

"नको," मी म्हटलं. "तिथेच थांब. मी येते."

उरलेलं तेल घेतलं, दुकानातून आणखी एक कॅन घेतला. पाना, फडकी आणि नरसाळं पिशवीत टाकलं. हातमोजे घाईत घरीच राहिले. दुपारची बस मिळाली. मांडीवर तेलाचे कॅन घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "काकू, गळणार नाही ना?" मी म्हटलं, बहुतेक नाही. हल्ली मी नक्की म्हणत नाही.

सून पंपाच्या भिंतीच्या सावलीत एका खोक्यावर बसली होती. मला बघून उठली, पण जवळ आली नाही. मीही गेले नाही. दोघी सरळ बॉनेटकडे गेलो. तिने फिल्टर सोडवला आणि या वेळी बोट फिरवलं. काहीतरी नखाने उचकटलं, ओढलं, आणि जुनी रिंग हातात आली. चेपून सपाट झालेली, एका बाजूने फाटलेली.

"एवढीशी," ती म्हणाली.

मी ती जागा बोटाने पुसली, एकदा फडक्याने, मग पुन्हा बोटाने. हात कोपरापर्यंत काळे झाले. तोच फिल्टर परत बसवला, तेल घातलं. "तू रेस दे, मी बघते," म्हटलं. तिने चांगली रेस दिली. मी गुडघे टेकून खाली बघत होते. कोरडं. आणखी दे म्हटलं. कोरडंच.

निघायची वेळ झाली. ती चाकामागे बसली, काच खाली केली, पण गाडी सुरू करेना.

"त्या दिवशी विचारलं तेव्हा हे सांगितलं असतंत, तर मी राहिले असते."

मी म्हटलं, "म्हणूनच नाही सांगितलं."

बोलून गेले खरी. भांडणाच्या दिवशी मला हे माहीत होतं की तिथे गाडीपाशीच सुचलं, ते मला आजही ठरवता येत नाही. पण तिने ते मानलं. तिचे डोळे भरले आणि तिने मान हलवली. म्हणाली, "चला ना माझ्याबरोबर. चार दिवस राहा, खोली लावून द्या." मी म्हटलं, "आधी तू तुझी खोली तुझ्या मनासारखी लाव. मग बोलाव. बोलावलंस तर येईन, आणि नावंही ठेवीन." ती हसली. मग गेली. या वेळी मी तिला सावकाश जा असं म्हटलं नाही, वेगात जा म्हटलं, कारण उजेड आहे तोवर जमेल तेवढी वाट सरायला हवी होती.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मुलगा गेला तेव्हा मी रडले नव्हते. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नाही, काम पुष्कळ होतं आणि सुनेला सांभाळायचं होतं. काल बस सुटली आणि मला रडू आलं. थांबवायचं कुणासाठी, तेही सुचेना. हात दोन्ही काळे, त्यामुळे डोळे पुसता येईनात. नाकावरून, हनुवटीवरून सगळं खाली गळत होतं आणि मी हात वर धरून बसले होते.

शेजारी कुणी अनोळखी बाई होती, माझ्यापेक्षा लहान, मांडीवर भाजीची पिशवी. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग आपला रुमाल काढला, माझी हनुवटी धरली आणि माझे डोळे पुसले. मग गाल पुसले, मग नाकही. काही विचारलं नाही. मी पुन्हा रडले, तिने पुन्हा पुसलं. तिचा थांबा आला तेव्हा रुमाल माझ्या मांडीवर ठेवून ती उतरली.